खुर्चीतला खेळाडू

वरूड
वैशाख, रात्रीचे अकरा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. ‘काका, पूलचा सामना जिंकलो, पण टाळी नाही वाजली. हरलेल्याच्या पाठीवर मात्र अर्धा हॉल थाप देऊन गेला. माझं काय चुकलं?’ फोनवर उत्तर लिहायला बसलो, पण त्या काचेवर माझं बोट नेहमी शेजारच्याच अक्षरावर पडतं. म्हणून वहीचं पान फाडलं. सकाळी तुमच्या गावचा दूधवाला येतो, त्याच्याजवळ देतो.

आधी एक गोष्ट मनातून काढ. तुझ्या खेळात खोट नव्हती. मी मागं कूलरजवळ उभा होतो. मधल्या एका रॅकमध्ये, म्हणजे एका डावात, तू टेबलाच्या दोन कुशनांना, म्हणजे कडांना, लावून सात नंबरचा बॉल काढलास, तेव्हा माझ्या शेजारचा दुपट्टेवाला म्हातारा ‘अरे बापा!’ म्हणाला. त्याला पूलमधलं ओ की ठो कळत नाही, उन्हातून सावलीला म्हणून आत आला होता. त्या घडीला तो म्हातारा तुझा होता. पुढचा बॉल पॉकेटच्या तोंडाशी अडकला, तू खुर्चीत जाऊन बसलास, आणि म्हातारा तुझ्या हातून गेला.

आपला खेळ मोठा विचित्र आहे बघ. क्रिकेटमध्ये समोरचा बॅटिंग करत असला तर तू निदान फील्डिंगला पळतोस. कबड्डीत चढाई करणाऱ्याचा पाय धरतोस. पूलमध्ये समोरचा टेबलावर असला की तुला काम म्हणून काहीच नाही. क्यू, म्हणजे आपली काठी, मांडीवर घ्यायची आणि बसायचं. जवळजवळ अर्धा सामना तू बसूनच असतोस, आणि उजेड तुझ्याही तोंडावर असतो. लोकांना अँगल कळत नाहीत, स्पिन कळत नाही. तोंड कळतं.

त्या खुर्चीत तू काय केलंस ते सांगू? त्याचा एक बॉल तुक्क्यात गेला तेव्हा वर पंख्याकडं बघून हसलास. दोनदा मोबाइल काढलास. तो चार नंबरवर वाकला असताना क्यूचं बूड फरशीवर टकटक वाजवलंस. मुद्दाम नसेलही, पण टकटक ती टकटक. नंतर कूलरच्या हवेनं कापड ओलं होतं, बॉल जड चालतो म्हणून आयोजकाला ऐकवलंस. खरं होतं ते, मलाही दिसत होतं. पण कूलर दोघांच्याही कापडावर पाणी फेकत होता ना रे!

तू शंकरपट, आपली बैलजोड्यांची शर्यत, पाहिलेला आहेस. बंदी उठल्यानंतर तळेगाव दशासरला तुझ्या बापासोबत तू गेला होतास, तूच सांगितलं होतंस. जोडी सुटते आणि काही सेकंदांत खेळ संपतो. मग गर्दी काय बघते? जोडी हाकणारा धुरकरी उतरून काय करतो ते. सेकंद कमी-जास्त झाले म्हणून बैलावर राग काढला, की त्या माणसाचं नाव गेलं. पुढच्या साली त्याची जोडी पहिली आली तरी लोक बैलांचंच कौतुक करतात.

आता मोठ्यांचं सांगतो. फिलिपिन्सचा एफ्रेन रेयेस. त्याला तिकडं ‘बाटा’ म्हणतात. चपलेचा बाटा नव्हे, त्यांच्या भाषेत बाटा म्हणजे पोट्टा. लहानपणी मनिलाला काकाच्या पूल हॉलमध्ये वाढला. टेबलापर्यंत हात पुरत नव्हता म्हणून कोका-कोलाच्या खोक्यांवर उभा राहून खेळायचा, आणि रात्री झोपायचा टेबलावरच. १९९४ साली पूलचं यूएस ओपन जिंकणारा तो पहिला बिगर-अमेरिकन. १९९९ साली वेल्समधल्या कार्डिफला नाइन-बॉलचा, म्हणजे नऊ बॉलांच्या पूलचा, जगज्जेता. पण जगभरच्या लोकांचा जीव त्याच्यावर जडला तो ह्या यादीमुळं नाही. त्याचे जुने व्हिडिओ लाव आणि तो खेळत नसतो तेवढाच भाग बघ. बॉल हुकला की डोकं खाजवतो, आपल्याकडं हिशेब चुकल्यावर किराणावाला खाजवतो तसं. समोरच्यानं सुंदर काढला तर खुर्चीतून बोळकं दाखवत हसतो.

१९९६ साली हाँगकाँगला त्याचा आणि अर्ल स्ट्रिकलँडचा सामना झाला. तीन दिवस, जो आधी १२० रॅक घेईल तो जिंकला, आणि सगळेच्या सगळे एक लाख डॉलर त्याचे. हरणाऱ्याला भोपळा. एका वेळी रेयेस १७ रॅकनं मागं होता. सतरा! आपल्या पार्लरमध्ये तीन रॅकनं मागं पडलेला पोट्टा क्यू बदलतो, चॉक बदलतो, शेवटी देव बदलतो. रेयेसनं १२०–११७ असा तो सामना काढला. मागं पडायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ माणूस खुर्चीत असतो, हे ध्यानात घे.

अर्ल स्ट्रिकलँड म्हणजे अमेरिकेचा, नॉर्थ कॅरोलिनाचा. माझ्या मते नाइन-बॉलमध्ये इतका देखणा हात फार थोड्यांना मिळाला. पाच यूएस ओपन, तीन जागतिक किताब. सलग दहा रॅक एकहाती साफ केले तर दहा लाख डॉलर, अशी पैज १९९६ साली डॅलसला लागली होती. त्यानं अकरा केले. आणि तरी त्याचं नाव काढलं की लोकांना आधी भांडणं आठवतात. प्रेक्षकांशी भांडला, रेफरीशी भांडला. मॉस्कोनी कप म्हणून अमेरिका विरुद्ध युरोप अशी स्पर्धा १९९४ पासून चालते. तिथलं पब्लिक आपल्या कबड्डीच्या पब्लिकसारखं, गाणी म्हणणारं, डिवचणारं. इंग्लंडमध्ये ते याला डिवचायचे, आणि हा प्रत्येकाला उत्तर द्यायला जायचा. डिवचणाऱ्याला आणखी काय पाहिजे?

आता इथं मी तुला सोपं उत्तर देऊन मोकळा होणार नाही. स्ट्रिकलँड नावडता असूनही त्याच्या टेबलाभोवती गर्दी असायची, अजून असते. झाडीपट्टीत नाटक असलं की खलनायकाला शिव्या घालायला लोक रात्रभर थंडीत बसतात आणि तिकीट काढून बसतात. तो आला नाही तर नाटक पडतं. म्हणून ‘लोकांना आवडणं’ आणि ‘लोकांनी बघायला येणं’ ह्या दोन गोष्टी एक समजू नकोस. तुझ्या वयाच्या पोरांना रीलवर दुसरी गोष्ट लवकर मिळते, म्हणून पहिलीही मिळाली असं वाटतं. स्ट्रिकलँडसारखा हात असेल तर बिनधास्त भांड. मी तुझा हात बघितला आहे. चांगला आहे. तितका नाही.

नुसतं जिंकत राहणाऱ्यावरही लोक खार खातात, हेही आहे. इंग्लंडचा स्टीव्ह डेव्हिस मूळचा स्नूकरवाला, म्हणजे पूलच्याच जातीच्या मोठ्या टेबलावरच्या खेळातला. १९८० च्या दशकात सहा वेळा जगज्जेता, आणि लोक त्याला कंटाळवाणा म्हणायचे. चेहऱ्यावर रेघ हलायची नाही. लोकांचा जीव दुसऱ्या स्नूकरवाल्यावर, जिमी व्हाइटवर. तो सहा वेळा जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत गेला आणि सहाही वेळा हरला. १९९४ ला शेवटच्या फ्रेममध्ये काळा बॉल हुकला आणि समोरच्या स्टीफन हेंड्रीनं ते टेबल साफ केलं. त्या दिवशी व्हाइटचा वाढदिवस होता. आणि हा बाबा माइकवर येऊन काय म्हणतो, तर हेंड्री आताशा मला त्रास द्यायला लागलाय! लोक हसले आणि रडले. डेव्हिसचं पुढं काय झालं? जिंकणं कमी झालं, स्वतःवर विनोद करायला लागला, पूलच्या टेबलावर उतरला, आणि २००२ च्या मॉस्कोनी कपात युरोपचा विजयी बॉल त्यानंच काढला. समोर कोण? स्ट्रिकलँड. ज्या लोकांनी त्याला कंटाळवाणा म्हटलं होतं, त्यांनीच त्याला डोक्यावर घेतलं. माणूस तोच होता. त्याला काहीतरी लागतं, खुपतं, हे लोकांना दिसायला लागलं एवढंच.

पण मला तू विचारलंस ते पुस्तकी उत्तरासाठी नाही, म्हणून माझं सांगतो. हे तुझ्या काकूलाही अर्धंच माहीत आहे.

एकोणनव्वद-नव्वदची गोष्ट. मी चंद्रपूरकडच्या एका कोळसा खाणीच्या ऑफिसर क्लबात मार्कर होतो. मार्कर म्हणजे पॉइंट मांडायचे, कापडावर ब्रश मारायचा, आणि एखाद्या साहेबाला जोडीदार नसला की त्याच्याशी हरायचं. एका वर्षी क्लबानं स्नूकरच्या स्पर्धेत स्टाफलाही घेतलं. मी फायनलला गेलो. समोर एक तरणा इंजिनीअर, नुकताच बदलून आलेला, कमी बोलणारा. शेवटची फ्रेम, शेवटचा काळा. मी त्या दिवशी साडभावाचा फुल बाहीचा शर्ट घालून गेलो होतो, मापाला ढगळ. वाकलो आणि बाही पांढऱ्याला चाटून गेली. बॉल हलला म्हणावा तर हलला नाही, पण लागली. रेफरी पलीकडच्या बाजूला होता. त्या एका क्षणात मला उभं राहून ‘फाउल’ म्हणता आलं असतं. मी काळा मारला. गेला.

बक्षीस प्रेशर कुकर होतं. इंजिनीअर खुर्चीतून उठला, हात मिळवला आणि हळूच म्हणाला, ‘शर्ट ढगळ होतो तुम्हाला.’ बस्स. रेफरीला काही नाही, कोणाला काही नाही. त्यानं पाहिलं होतं. खुर्चीतल्या माणसाला सगळं दिसतं, कारण त्याला दुसरं कामच नसतं.

चहावाल्या पोऱ्यानंही पाहिलं होतं, आणि तो काही कमी बोलणारा नव्हता. दोन दिवसांत कॉलनीभर झालं. मी टेबलावर वाकलो की मागून कोणीतरी, ‘बाही सांभाळ गा!’ दहा वर्षं ऐकलं. अर्ध्या बाहीचे शर्ट शिवले तरी ऐकलं. इंजिनीअरची बदली झाली तेव्हा त्याला सोडायला स्टेशनवर इतकी माणसं, की गार्डानं विचारलं पुढारी आहे काय. तो माझ्याशी एक सामना हरला होता फक्त. कुकर अजून घरात आहे. शिटी चांगली होते.

रेयेसबद्दल एक आडवी गोष्ट राहिली, तू विचारशीलच. १९८५ साली तो अमेरिकेत गेला तो सेझार मोरालेस असं दुसरंच नाव घेऊन, आणि तिथल्या पैसे लावणाऱ्या खेळाडूंना धुऊन आला. मग त्याला कोणी लबाड का म्हणत नाही? मी ह्यावर पुष्कळ विचार केला. मला वाटतं, त्यानं पैसे लावायला बसलेल्यांना फसवलं, बघायला बसलेल्यांना नाही. तरी तू ह्या वाटेला जाऊ नकोस. टेबलचं भाडं हरणाऱ्यानं द्यायचं, इथपर्यंतच आपल्या गावात चालतं. त्यापुढं गेलास की तुझी आई माझ्या दुकानापुढं येऊन उभी राहील, आणि तिच्यापुढं माझं काही चालत नाही.

बाकी लहानसहान. तुक्का लागला तर हात वर कर, माफीचा. समोरच्याला लागला तर त्याच्या हाताची वाट बघू नकोस. जर्मनीचा जोशुआ फिलर बघ, विशीत जगज्जेता झाला. चालण्यात मस्ती आहे, काहींना खुपते, पण भराभर खेळतो म्हणून लोक माफ करतात. मोठ्या स्पर्धांत आता एका शॉटला तीस सेकंदांचं घड्याळ असतं. तू परवा एका सरळ बॉलसाठी टेबलाभोवती दोन प्रदक्षिणा घातल्यास. देऊळ आहे का ते?

आणि गोंगाटाचा त्रास होतो म्हणतोस, तर अमेरिकेचा शेन व्हॅन बोएनिंग बघ. जन्मापासून ऐकायला कमी, कानात मशीन. पाच यूएस ओपन आणि २०२२ चा जागतिक किताब त्याच्या नावावर आहे. गोंगाट झाला की मशीन बंद करून टाकतो. खुर्चीत तो कोणाकडं बघत नाही, पण तोंडावर आठी नसते. तुझे कान शाबूत आहेत, तर निदान आपल्या ताटात कालवलेलं पुरे, दुसऱ्याच्या ताटात वाकून बघू नकोस.

परवा गाडीत चढताना तू हरलेल्या पोराचं नाव घेऊन काहीतरी बोललास, ते मी ऐकलं नाही असं समजतो.

येत्या रविवारी ये, उन्हं उतरल्यावर. दुपारी लाइट नसते आणि टिनाखाली बसवत नाही. क्यू घेऊन ये, टोकाची टीप चपटी झाली आहे, घासून देतो. परवाच्या सामन्याचा व्हिडिओ माझ्याजवळ आहे, चहावाल्याच्या पोरानं काढलेला. तुझे शॉट आपण बघायचे नाहीत. तो खेळतो तेवढाच भाग लावू. तू मागं दिसतोस, डाव्या कोपऱ्यात.

तुझा,
टेबलवाला काका

ता. क. दूधवाल्याकडं भांडं परत पाठव म्हणते काकू. दोन महिने झाले.