टेस्टरची लाज कोणाला वाटतेय?

नमस्कार,

तुमचं पत्र मिळालं. तुमच्या मुलाला बारावीला पीसीएममध्ये ७१ टक्के आहेत. त्याला एएमई, म्हणजे विमान देखभाल-दुरुस्तीचा अभ्यासक्रम, करून विमानाच्या वायरिंगचं काम शिकायचंय. तुमचा हट्ट असा, की त्याने आणखी एक वर्ष जेईईला द्यावं आणि एरोनॉटिकल इंजिनिअर व्हावं. इथवर पत्र नेहमीचंच होतं. पुढच्या वाक्याला मात्र मी थांबलो: ‘‘तीस वर्षं लाइनमन म्हणून खांबावर चढलो, आता पोराच्या हातात टेस्टर नको.’’

खांबावरचा धोका, रात्री-अपरात्रीचे फोन, साहेबांची बोलणी यातून त्याला सोडवायचंय, हे कळतं. पण त्या सगळ्याचा राग टेस्टरवर का? विहिरीवरच्या मोटारीची केबल कुठे तुटली ते त्याने एका दुपारात शोधलं, असं तुम्हीच कौतुकाने लिहिलंय आणि लगेच ‘असली कामं करून काय होणार’ असंही. हे वाक्य तो घरात किती वेळा ऐकत असेल?

‘विमानात बिघाड कॉम्प्युटरच सांगतो, माणूस फक्त डबा बदलतो’ हे तुमचं म्हणणंही खरं नाही. कॉम्प्युटर फार तर कुठल्या यंत्रणेचा सिग्नल गेला ते सांगतो. डबा, म्हणजे त्या यंत्रणेचं इलेक्ट्रॉनिक युनिट, बदलतात, काढलेला डबा तपासणीत ठणठणीत निघतो आणि चार उड्डाणांनी तीच तक्रार पुन्हा येते. कारण कुठेतरी क्लॅम्पला घासून वायर सोललेली असते. हवेत कंपनं झाली की ती टेकते, जमिनीवर मल्टीमीटर लावला की शहाण्यासारखी वागते. मग वायरीत पल्स सोडून तिचा प्रतिध्वनी किती वेळात येतो ते मोजतात. १०० नॅनोसेकंद लागले, तर बिघाड साधारण १० मीटरवर. जमिनीखालच्या केबलचा फॉल्ट शोधायला येणारी गाडी तुम्ही पाहिली असेल, तिचं तत्त्व हेच. तुटलेली वायर स्पष्ट दिसते. नुसतं सोललेलं इन्सुलेशन प्रतिध्वनीच्या आलेखात जेमतेम उमटतं, तिथे जाणता माणूसच लागतो. १९९८मध्ये स्विसएअर १११ विमान कॅनडाजवळ समुद्रात कोसळून २२९ माणसं गेली. कॉकपिटच्या छतात वायरीवर उडालेल्या ठिणगीने आग लागली असावी, असा तपासाचा निष्कर्ष होता. अशा तुटक ठिणग्यांना साधा सर्किट ब्रेकर पडेलच असं नाही.

मार्ग सरळ आहे: डीजीसीएची (नागरी विमान वाहतुकीचं नियमन करणाऱ्या सरकारी यंत्रणेची) मान्यता असलेली संस्था, बी-२ म्हणजे एव्हिओनिक्स (विमानातल्या इलेक्ट्रिकल-इलेक्ट्रॉनिक यंत्रणांची) शाखा, मॉड्यूलच्या परीक्षा, प्रत्यक्ष कामाचा अनुभव, मग लायसन्स. संस्थेचं प्रमाणपत्र म्हणजे लायसन्स नव्हे, आणि ‘नोकरीची हमी’ छापणाऱ्यांकडे फी भरण्याआधी मान्यता स्वतः तपासा. तुम्हाला हवी ती एरोनॉटिकलची पदवी विमानाच्या डिझाइनकडे नेते. दुरुस्तीनंतर ‘हे विमान उडायला योग्य आहे’ अशी सही करायला लायसन्सच लागतं.

जेईईचं आणखी एक वर्ष माझ्या मते वाया जाईल. त्यापेक्षा येत्या रविवारी त्याला विहिरीवर घेऊन जा आणि ती केबल कशी शोधली ते त्याच्याकडून ऐका. मध्ये बोलू नका. मग भर पावसात तुम्ही फॉल्ट कसा शोधायचात ते त्याला सांगा. आणि मला येणारं पुढचं पत्र त्यालाच लिहू द्या.