इंग्रजी कच्चं असेल तर ॲपलस्क्रिप्ट जमेल का? सुरुवात कुठून करू?

शाळा मराठी माध्यमाची, इंग्रजी बेताचं, आणि ॲपलस्क्रिप्ट, म्हणजे मॅक कॉम्प्युटरकडून कामं आपोआप करून घ्यायची ॲपलची भाषा, म्हणे इंग्रजीसारखी लिहायची असते, मग झेपेल का असं विचारलंय तुम्ही. झेपेल हो. उलट फाडफाड इंग्रजीवाल्यांचीच तिथे जास्त फजिती होते, डोळ्यांनी बघितलंय.

२००९ ची गोष्ट. मी पुण्यात एका छापखान्यात डीटीपी करायचो. दिवाळी अंकाचे ३१२ फोटो, नावं सगळी कॅमेऱ्याची, डीएससी अमुकतमुक, ती बदलून अंक-१, अंक-२ अशी करायची होती. काम घरी आणलेलं, त्यासाठी ॲपलस्क्रिप्ट लिहीत बसलेलो आणि नेमके साडू आलेले. कॉन्व्हेंटचे. स्क्रीनवर टेल, सेट, ऑफ असले शब्द बघून म्हणाले, "सरका, ही तर साधी इंग्रजी आहे, तुम्हाला नाही जमायचं." आणि टाइप काय केलं, तर प्लीज रीनेम ऑल द फोटोज इन धिस फोल्डर! सिंटॅक्स एरर, म्हणजे लिहिलेलं मशीनला कळलंच नाही. मग प्लीज काढलं, शब्द पुढेमागे केले, तरी तेच. शेवटी भाषाच फालतू आहे म्हणून चहा प्यायला गेले.

त्यांना वाटलं मशीनला इंग्रजी कळतं. कसलं काय. १९९३ ला ही भाषा आली तेव्हा सुरुवातीला ती फ्रेंच आणि जपानी शब्दांतही लिहिता यायची, ते पुढे बंद केलं. म्हणजे इंग्रजी हा नुसता वरचा अंगरखा, आत ठरलेले साचेच. मी ते पाढ्यांसारखे घोकलेले: टेल ॲप्लिकेशन फाइंडर (मॅकवर फायली-फोल्डर सांभाळणारं ॲप), मध्ये काम, शेवटी एंड टेल.

आता खरं सांगायचं तर माझंही पहिल्या फटक्यात बोंबललं. फाइल १, फाइल २ असं मोजत नाव बदलत गेलो आणि बघतो तर निम्मे फोटो डीएससीच! झालं असं की पहिलीचं नाव 'अंक' झालं की ती यादीत तळाला जायची, दुसरी सरकून पहिली व्हायची आणि मी आपला दुसऱ्या नंबरवर, म्हणजे एकाआड एक सुटत गेली. आधी एव्हरी फाइल म्हणून सगळी यादी एका व्हेरिएबलमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या डब्यात धरली, मग त्यावरून रिपीट चालवलं, म्हणजे एकेक फाइल घेऊन तेच काम पुन्हा पुन्हा, झालं. फोल्डरची कॉपी होती म्हणून वाचलो, तुम्हीही कॉपीवरच खेळा.

सुरुवात म्हणाल तर मॅकच्या युटिलिटीज फोल्डरमध्ये स्क्रिप्ट एडिटर, म्हणजे ही भाषा लिहायचं ॲप, असतोच. फाइल मेन्यूतून ओपन डिक्शनरी करा, ज्या ॲपचं काम आहे त्याची डिक्शनरी उघडा, त्या ॲपला कुठले शब्द कळतात ते तिथेच दिलेलं असतं. व्याकरणाच्या नादी लागू नका. फाइंडरची छोटी कामं रेकॉर्ड बटण दाबून करून बघा, स्क्रिप्ट आपोआप लिहिली जाते, ती वाचा. अवतरणचिन्हांत देवनागरी बिनधास्त चालते, २००७ च्या लेपर्डपासून (मॅकच्या सिस्टिमची एक आवृत्ती) सगळं युनिकोड आहे, म्हणजे कुठलीही लिपी चालते.

हां, एक राहिलंच. हे फक्त मॅकवर चालतं, आणि ॲपलचा जीव आता शॉर्टकट्सवर, म्हणजे कामं आपोआप करणाऱ्या त्यांच्या नव्या ॲपवर आहे. नोकरीसाठी शिकत असाल तर सरळ पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा घ्या. साडूंच्या मुलानेही तेच घेतलंय, पण त्याच्या लग्नाच्या फोटोंची नावं मागच्या महिन्यात मीच बदलून दिली, साडू शेजारी बसलेले असताना.