पट्टीची फ्रिक्वेन्सी कमी येतेय? आधी सेन्सर आणि व्हाइस बघा

म्हणजे तुमचं असं झालंय की 25 बाय 3 मिमीची एमएस (माइल्ड स्टील) पट्टी बेंच व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या शिकंज्यात, पकडलीय, 300 मिमी बाहेर आहे, टोकाला कंपन मोजणारा 10 ग्रॅमचा सेन्सर म्हणजे अ‍ॅक्सेलरोमीटर, सूत्राने कंपनाची पहिली फ्रिक्वेन्सी 27.2 हर्ट्झ येते आणि हॅमर टेस्टमध्ये (हातोडीचा ठोका मारून मोजल्यावर) 23.5, तर यंग्ज मॉड्युलस (मटेरियलचा ताठपणा) कमी धरून जुळवून टाकू का. अजिबात नको. फ्रिक्वेन्सी मॉड्युलसच्या वर्गमुळाने बदलते, त्यामुळे 23.5 आणायला 200 चे 150 गिगापास्कल करावे लागतील आणि असलं स्टील नसतं हो, व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) पहिला प्रश्न हाच येईल.

मोठा वाटा सेन्सरचा आहे. पट्टीचा बाहेरचा भाग भरतो साधारण 177 ग्रॅम, पण पहिल्या मोडमध्ये (सगळ्यात कमी फ्रिक्वेन्सीच्या कंपनात) टोकाशी त्यातलं जेमतेम पाव, 43 एक ग्रॅमच जाणवतं, त्यावर तुम्ही 10 ग्रॅम चिकटवलेत! एवढ्यानेच 27.2 चे 24.5 होतात. सेन्सर व्हाइसच्या पकडीपासून 75 मिमीवर आणा, तिथे हालचाल टोकाच्या दहाव्या हिश्श्याइतकी, आणि वजनाचा परिणाम तिच्या वर्गाने जातो म्हणजे शंभरावा हिस्सा, सिग्नल बारीक होईल पण चालतं.

उरलेला एक हर्ट्झ व्हाइसने खाल्ला. सूत्र धरून चालतं की मुळाशी पट्टी सरकत नाही आणि कलतही नाही, पण वर्कशॉपमधल्या व्हाइसचे जॉ (जबडे) कडेला झिजलेले असतात, पट्टी पाच-सहा मिमी आत गेल्यावर कुठे खरी पकडली जाते, आणि 300 चे 306 झाले की लांबीच्या वर्गामुळे 4 टक्के गेलेच. हँडल थोडं थोडं आवळत दर वेळी ठोका मारून बघा, आकडा वर सरकत एका जागी थांबला पाहिजे, थांबत नसेल तर पकड ढिली आहे. जॉवर सेन्सर लावून तिथेही तोच पीक (त्याच फ्रिक्वेन्सीचा उंचवटा) ठसठशीत दिसला तर टेबलासकट सगळं हलतंय. आणि जाडी मायक्रोमीटरने मोजलीत का? बाजारातली 3 ची पट्टी 2.9 भरली तर तिथेच 3 टक्के.

तरी मॉड्युलसची शंका जात नसेल तर त्याच पट्टीचा बरोबर 300 मिमीचा तुकडा घेऊन फ्री-फ्री, म्हणजे दोन्ही टोकं मोकळी ठेवून, टेस्ट करा, व्हाइसची भानगडच नको. दोन्ही टोकांपासून 67 मिमीवर मऊ फोमच्या अरुंद पट्ट्या ठेवा, त्या जागा पहिल्या मोडमध्ये हलतच नाहीत, मधोमध हलकेच टकटक करा आणि मोबाईलच्या माइकवर स्पेक्ट्रम अ‍ॅपने ऐका, सेन्सर लावू नका. 173 हर्ट्झच्या आसपास आलं की मटेरियल निर्दोष.

सर दोन्ही टोकं पकडून पण करा म्हणालेत ना, त्याचंही उत्तर कागदावर 173 च येतं, पण दुसरा व्हाइस आवळताना पट्टीत ताण नाहीतर दाब बसतो आणि दर वेळी आकडा वेगळा येतो, तेव्हा ते सगळ्यात शेवटी घ्या.