ध्रुवतारा इमारतीआड असेल तर दुर्बिणीचा इक्वेटोरियल माउंट (ज्याचा एक अक्ष खगोलीय ध्रुवाकडे रोखतात असा स्टँड) ध्रुवाशी कसा जुळवायचा?

ड्रिफ्ट पद्धतीने: ट्रॅकिंग (ताऱ्याच्या मागे दुर्बीण फिरवणारी मोटर) चालू ठेवून एखादा तारा उत्तर-दक्षिण कुठे सरकतो ते पाहायचे आणि त्यावरून अक्ष दुरुस्त करायचा. आधी माउंट समतल करा, अक्षाची उंची (क्षितिजापासूनचा कोन) तुमच्या अक्षांशाइतकी ठेवा, होकायंत्राने उत्तर साधा. मग क्रॉसहेअर (छेदणाऱ्या बारीक रेषांच्या) आयपीसमध्ये तारा धरा. पूर्व-पश्चिम सरकणे दुर्लक्षित करा, तो बहुतेक मोटर-गिअरचा दोष असतो. उत्तर गोलार्धासाठी:

- याम्योत्तर वृत्तावरचा (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवरचा), खगोलीय विषुववृत्ताजवळचा (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरच्या आकाशातल्या रेषेजवळचा) तारा दक्षिणेला सरकला तर अक्ष पूर्वेकडे वळलाय, उत्तरेला सरकला तर पश्चिमेकडे.
- पूर्व क्षितिजाच्या थोडा वर असलेला तारा दक्षिणेला सरकला तर अक्ष खाली आहे, उत्तरेला सरकला तर वर.

अक्ष नेमका ध्रुवाकडे असेल तर एकट्या विषुवांशाच्या (ताऱ्याच्या पूर्व-पश्चिम स्थानाच्या) मोटरने तारा जागेवर टिकतो. नसेल तर त्याची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचे उत्तर-दक्षिण कोनीय अंतर) बदलल्यासारखी दिसते, म्हणून ही खूण भरवशाची. खुद्द ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून सुमारे ०.६ अंश दूर आहे, त्यामुळे नुसता तो मध्यभागी आणण्यापेक्षा हे अधिक अचूक. मात्र एवढा खटाटोप लांब एक्स्पोजरच्या छायाचित्रणासाठीच करा. डोळ्याने निरीक्षण करायला होकायंत्राची मांडणी पुरते.