खेड्यातले डॉक्टर साध्या अंगदुखीलाही सुई-सलाईन का लावतात? कंपन्यांच्या कमिशनसाठी का?

तुम्ही पुण्यात असता, आई-वडील बेळगावजवळच्या खेड्यात राहतात. दर वेळी फोनवर तेच ऐकायला मिळतं: अंग दुखलं की सुई, ताप आला की सलाईन, वर पुडीतून तीन रंगांच्या गोळ्या, आणि चिठ्ठी नाहीच. यामागं कंपन्यांचं कमिशन आहे का आणि आपला डॉक्टर त्यातला आहे की नाही हे कसं ओळखायचं, असं तुम्ही विचारलंय.

खानापूर तालुक्यात माझं मेडिकलचं दुकान आहे. वडील आयुष्यभर एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते आणि थोरला भाऊ औषधांच्याच लाइनीत आहे. त्यामुळं हा प्रश्न वाचून गप्प बसवेना.

कंपनीचा माणूस पाकीट घेऊन येतो आणि डॉक्टर त्याचं औषध लिहितो, हे सगळं शहरातल्या स्पेशालिस्टांकडचं. खेड्यात पाकिटाची गरजच पडत नाही, कारण इथला डॉक्टर औषध लिहीत नाही, विकतो. तपासायची फी पन्नास-साठ रुपये, तीही कोण वेगळी देत नाही. सुई, पुडी आणि तपासणी मिळून दीडशे-दोनशे घेतले जातात. त्यातून औषधाची खरेदी वजा करून जे उरेल ती त्याची कमाई. म्हणजे औषध जितकं स्वस्तात घेईल आणि जितकं जास्त देईल, तितकं त्याचं घर चालतं. यात बेकायदा काही नाही. स्वतःच्या पेशंटला औषध द्यायला डॉक्टरला आमच्यासारखं लायसन्स लागत नाही, दुकान मांडून विकायला लागतं.

आणि स्वस्तात म्हणजे किती? बद्दी, हरिद्वारकडं माल बनवून घेणाऱ्या शेकडो कंपन्या आहेत. आमच्या लाइनीत त्यांना पीसीडी म्हणतात. त्यांचा माल डॉक्टरला किंवा दुकानदाराला नेट रेटनं मिळतो. दहा-पंधरा रुपयांना पडणाऱ्या पित्ताच्या गोळ्यांच्या पट्टीवर एमआरपी शंभर-सव्वाशे. सरकारनं दर बांधून दिलेल्या औषधांवर आम्हा दुकानदारांना १६ टक्के मार्जिन आहे, बाकीच्यांवर रिवाजानं वीस. पीसीडी मालात या हिशेबाला काही अर्थच राहत नाही. हे फक्त खेड्यातलं आहे असंही समजू नका. २०१८ मध्ये एनपीपीएनं, म्हणजे औषधांचे दर ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनं, दिल्ली परिसरातल्या चार मोठ्या खासगी हॉस्पिटलांची बिलं तपासली, तेव्हा काही वस्तूंवर १,७३७ टक्क्यांपर्यंत मार्जिन निघालं होतं.

आता माझं सांगतो.

दादा आधी एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी होता. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी अशी त्याची लाइन. टार्गेटला कंटाळला आणि पीसीडीची एजन्सी घेऊन बसला. त्याच सुमारास आमच्या गावात, माझ्या दुकानाला लागूनच, एका तरुण डॉक्टरांनी दोन खोल्या घेऊन दवाखाना काढला. आत चार खाटा, बाहेर बाकडं. मला आनंद झाला. शेजारी डॉक्टर आला तर मेडिकलवाल्याला आणखी काय पाहिजे?

महिन्याभरात दादाच प्रस्ताव घेऊन आला. डॉक्टर त्याच्या एजन्सीचाच माल लिहिणार, मी तेवढाच ठेवायचा, आणि महिन्याच्या शेवटी एमआरपीच्या तीस टक्के डॉक्टरांना पोचवायचे. दादाचं आणि माझं सुटूनही भरपूर उरणार होतं. त्यानं कागदावर हिशेब मांडून दाखवला आणि हिशेबात काही चूक नव्हती. मी नको म्हटलं. मी काही संत नाही. माझ्या दुकानात येणारी निम्मी माणसं नात्यातली नाहीतर ओळखीची, त्यांच्या तोंडाकडे बघून शंभरची पट्टी देणं मला जमलं नसतं. दादा उठताना म्हणाला, "काय खुळ्यागत करूलालास? तू नाही घेतलंस तर दुसरा घेणारच की."

दुसरा कोण घेणार? डॉक्टरांनीच घेतलं. दवाखान्याच्या पुढच्या खोलीत घरच्यांच्या नावानं मेडिकल निघालं. भिंतीवर फार्मसिस्टचं सर्टिफिकेट टांगलेलं, पण ज्याचं ते होतं तो माणूस गावात कुणी कधी पाहिला नाही. सर्टिफिकेट भाड्यानं मिळतं, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्याकडं चिठ्ठ्या यायच्या बंद झाल्या. आल्या तरी त्यावरची नावं अशी, की बेळगावच्या एकाही स्टॉकिस्टकडं ती सापडू नयेत.

मग एकदा मागच्या गल्लीतल्या काकू आल्या. पानाच्या चंचीतनं पुडी काढली, जुन्या कॅलेंडरच्या कागदाची. उलगडून काउंटरवर ठेवली: एक मोठी पांढरी, एक पिवळी, आणि एक अगदी बारकी, तिच्यावर ना नाव ना आकडा. बोटानं ती बारकी बाजूला सारून म्हणाल्या, "बाळ, ही तेवढी दे बघ. हिनंच गुण येतोय. बाकीच्या दोन नको, पोटात जळजळतंय."

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. गुडघ्यांनी त्रासलेली वाळकी बाई, आता गाल भरून गोल झालेले. भूक वाढलीय म्हणाल्या, रात्री लघवीला सारखं उठावं लागतंय म्हणाल्या. सुट्ट्या गोळीवरून औषध ओळखता येत नाही, हे मला कळतं. पण महिनोन्‌महिने रोज घेतलेली बारकी गोळी, झटक्यात थांबलेली गुडघेदुखी आणि गोल झालेला चेहरा, हे तिन्ही एकत्र दिसलं की स्टिरॉइडचा संशय यायलाच हवा. मी गोळी दिली नाही. आपल्या मनानं एकदम बंदही करू नका म्हटलं, कारण ते बंद करण्यातही धोका असतो. पुडी आहे तशी घेऊन जावयाबरोबर बेळगावला सिव्हिलमध्ये दाखवा, असं बजावलं. तिथं साखर वाढलेली निघाली. डॉक्टरांनी गोळी हळूहळू कमी करत नेली आणि पुढं गुडघे होते तसे दुखायला लागले. काकूंनी त्याबद्दल मला आजतागायत माफ केलेलं नाही.

शेजारच्या डॉक्टरांनी मला दुकानात येऊन सुनावलं, मी त्यांची प्रॅक्टिस बिघडवतो म्हणून. दादाही त्यांच्याच बाजूनं. तेव्हापासून दर गणपतीत आमच्या घरी आरतीनंतर हाच वाद.

दादाची बाजूही सांगायला पाहिजे, कारण ती काही पोकळ नाही. तो म्हणतो, डॉक्टरनं कर्ज काढून शिकायचं, भाडं द्यायचं, रात्री-अपरात्री दार उघडायचं, आणि लोक साठ रुपये उधार ठेवून जाणार, भातकापणी झाल्यावर देतो म्हणून. सुई मारली नाही तर म्हणणार, नुसता हात लावून पैसे घेतले. हे खरंच आहे. उसाच्या फडातनं आलेला गडी स्वतःच सांगतो, "डॉक्टर, पिवळी बाटली लावा एक." पिवळी म्हणजे काय? साध्या सलाईनमध्ये व्हिटॅमिनचं इंजेक्शन टाकलं की ती पिवळी होते, म्हणजे जास्त ताकदीची असा समज. डीएनएस म्हणजे साखर-मिठाचं सलाईन, त्याच्या ५०० मिलीच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर आणि साडेचार ग्रॅम मीठ असतं. तेवढ्यासाठी माणूस दोन तास खाटेवर पडून तीनशे-चारशे रुपये देतो आणि उठून सांगतो, बरं वाटतंय. दोन तास आडवं पडल्यावर बरं वाटणारच की! पण त्याच माणसाला "मीठ-साखरेचं पाणी पी, दोन दिवस आराम कर, माझी फी दीडशे" असं सांगितलं, तर तो पुढच्या गावच्या डॉक्टरकडं जातो. जो डॉक्टर कमी औषध देतो तो उपाशी राहतो.

आणि दादाचा हुकमी एक्का असा: "अप्पा ज्या डॉक्टरांकडे होते, ते तरी काय करत होते? लाल मिक्श्चरच विकत होते ना?"

होय, विकत होते. अप्पाच बनवायचे. लोक घरनं बाटली धुऊन आणायचे, अप्पा ती भरून त्यावर डोसाच्या खुणांसाठी कात्रीनं दातरे कापलेली कागदाची पट्टी चिकटवायचे. तिथंही फी औषधातच लपलेली होती, हे दादाचं म्हणणं मी मान्य करतो. पण त्या मिक्श्चरनं कुणाचा चेहरा सुजला नाही की कुणाची साखर वाढली नाही. फी लपवायचीच असेल तर पाण्यात लपवा, स्टिरॉइडमध्ये आणि तिसऱ्या पिढीच्या अँटिबायोटिकमध्ये लपवू नका. यावर दादा आजवर काही बोललेला नाही, फक्त विषय बदलतो.

कायदे आहेत का? भरपूर आहेत. कमिशन घेऊ नये हे २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांतच आहे, कंपन्यांच्या भेटवस्तूंवर २००९ मध्ये बंदी आली. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की डॉक्टरांना दिलेल्या भेटींचा खर्च कंपनीला इन्कम टॅक्समधून वजा करता येणार नाही, आणि २०२४ मध्ये औषध कंपन्यांसाठी नवी आचारसंहिता आली. हे सगळं परदेशवाऱ्या आणि फाइव्ह स्टार कॉन्फरन्स डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं आहे. आमच्या इथं भेट कोण कुणाला देतो? डॉक्टर स्वतः गिऱ्हाईक आहे, रोख देऊन माल घेतो आणि पुढं विकतो. शिवाय खेड्यात बसलेले बरेचसे डॉक्टर आयुर्वेदाचे नाहीतर होमिओपॅथीचे, त्यांना मेडिकल कौन्सिलचे हे नियम लागूच होत नाहीत.

कर्नाटकानं खासगी दवाखान्यांच्या कायद्यात दुरुस्ती आणली, तेव्हा नोव्हेंबर २०१७ मध्ये अधिवेशन बेळगावातच होतं आणि राज्यभरचे डॉक्टर इथं मोर्चाला आले होते. शिक्षेची कलमं बरीच मवाळ होऊन ती दुरुस्ती मंजूर झाली. दवाखान्यानं दरपत्रक लावायला हवं, हे त्या कायद्यात आहे. गावातल्या दवाखान्यात ते शोधून बघा आणि सापडलं तर मलाही कळवा.

मोठ्या आजाराला पाठवायचं म्हटलं की कटाचा, म्हणजे पेशंट पाठवल्याबद्दल मिळणाऱ्या कमिशनचा, विषय निघतो. अथणी-चिक्कोडीकडचा पेशंट मिरजेला जातो, निपाणीचा कोल्हापूर-गडहिंग्लजला, आमचा बेळगावला. कुठल्या दारात गाडी थांबायची हे पुष्कळदा पेशंटपेक्षा पाठवणाऱ्याच्या सोयीनं ठरतं. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये आपली फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली, कर्नाटकानं त्याला हरकत घेतली. त्या भांडणात मी पडत नाही. पण कोणतं कार्ड कुठं चालतं हे पेशंटला माहीत नसतं आणि पाठवणाऱ्याला पक्कं माहीत असतं, एवढं सांगतो.

आता तुमच्या वडिलांचं. डॉक्टरला कमिशनबद्दल विचारू नका, कोण सांगणार? पुढच्या वेळी वडिलांना आधीच म्हणायला सांगा, "डॉक्टर, तुमची फी दीडशे-दोनशे जी काय असेल ती घ्या, पण औषध चिठ्ठीवर लिहून द्या." जो डॉक्टर खुशीनं लिहून देतो, त्याच्याकडं जात राहा. जो म्हणतो "माझ्या गोळ्या बाहेर मिळणार नाहीत", त्याचं काय ते तुम्हीच समजा. माणूस पाणी पिऊ शकतोय, ओकत नाहीये, तर सलाईन बहुतेक वेळा नकोच. आणि पुडी बरेच महिने चालू असेल तर झटक्यात तोडू नका, एखाद्या एमडी डॉक्टरला दाखवून मग काय ते ठरवा.

हे सगळं एका मेडिकलवाल्याकडून ऐकताय हेही ध्यानात ठेवा. डॉक्टर चिठ्ठ्या लिहायला लागले तर गल्ला माझाच भरणार आहे. आम्ही दुकानदारही काही धुतल्या तांदळासारखे नाही. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक देणारे आणि ठरावीक औषधांच्या विक्रीची नोंद ठेवायचं एच-वनचं रजिस्टर संध्याकाळी बसून एकदम भरणारे आमच्यातच आहेत. आणि रात्री दोनला बाळंतपणासाठी जीप काढणारे, पैसे न मागणारे डॉक्टरही याच तालुक्यात आहेत. त्यांच्यापैकी दोघे-तिघे चिठ्ठी लिहितात, म्हणून माझं दुकान अजून उघडं आहे.

हे उत्तर दादापर्यंत पोचणारच, वहिनी सगळं वाचतात. त्याला एवढंच विचारतो: तुझ्या स्वतःच्या नातवाला ताप आला होता तेव्हा औषध तुझ्या एजन्सीतलं का दिलं नाहीस, माझ्या दुकानातनं का नेलंस?

आणि तुम्ही, पुडीतल्या गोळ्यांचा फोटो काढून मला पाठवू नका. सुट्ट्या गोळीवरून मलाच काय, कुणालाच सांगता येणार नाही. चिठ्ठी मिळाली तर तिचा पाठवा.