सायबर स्कॉलरशिप, फुकटची का बाँडची? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत असतो, सगळ्यांकडे ग्रीन कार्ड आहे. मुलगी हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला कॉम्प्युटर फॉरेन्सिक्सच (कॉम्प्युटर-मोबाइलमधून गुन्ह्याचे पुरावे शोधायचं काम) करायचंय. ओळखीतलं कोणी म्हणालं की सरकार सगळी फी भरतं आणि वर खर्चाला पैसेही देतं. हे खरं का? आणि खरं असेल तर त्यात गोम काय आहे? – एक आई

उत्तर: ताई, खरं आहे. सायबरकोर स्कॉलरशिप फॉर सर्व्हिस असं नाव आहे, सगळे नुसतं एसएफएस म्हणतात. पैसा नॅशनल सायन्स फाउंडेशन या संशोधनाला पैसे देणाऱ्या सरकारी संस्थेचा, पण तो युनिव्हर्सिटीला ग्रँट म्हणून जातो आणि मुलं युनिव्हर्सिटी निवडते, त्यामुळे अर्ज वॉशिंग्टनला नाही, कॉलेजातल्या प्रोग्रामकडे करायचा. म्हणजे कॉलेज निवडतानाच बघा की तिथे एसएफएस आहे का. ओक्लाहोमातलं टल्सा, इंडियानातलं पर्ड्यू, पिट्सबर्गचं कार्नेगी मेलन ही यातली जुनी नावं. ट्यूशन पूर्ण माफ, शिवाय अलीकडच्या नियमांप्रमाणे बॅचलर्सवाल्यांना वर्षाला २७,००० डॉलर आणि मास्टर्स-पीएचडीवाल्यांना ३७,००० डॉलर स्टायपेंड. पण जास्तीत जास्त ३ वर्षंच मिळतं, त्यामुळे बॅचलर्सला साधारण शेवटच्या दोन-तीन वर्षांसाठी घेतात, पहिल्या वर्षाची फी तुमचीच धरून चाला.

आता गोम. जितकी वर्षं पैसे घेतले तितकी वर्षं सरकारी नोकरी करायची, आणि नाही केली तर त्या पैशाचं कर्ज होतं, ते फेडावं लागतं. मी तर याला स्कॉलरशिप म्हणण्यापेक्षा बाँडच म्हणेन, आणि सही करायच्या आधी मुलीने स्वतः बसून तो कागद वाचावा असं मला अगदी मनापासून वाटतं, कारण नोकरी शोधायची जबाबदारी तिची असते, सरकार हातात आणून देत नाही. २० जानेवारी २०२५ ला केंद्र सरकारची भरतीच थांबवली गेली तेव्हा बाँडवाली बरीच पोरं पास होऊन अधांतरी राहिली, त्यांची काहीच चूक नव्हती. राज्य सरकार, काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखी), शहर इथली नोकरीही चालते पण तिकडे जाणाऱ्यांचं प्रमाण मर्यादित ठेवलंय. म्हणून प्रोग्रामच्या कोऑर्डिनेटरला सरळ विचारा, मागच्या बॅचची मुलं कुठे लागली आणि किती जण अजून शोधतायत. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर दुसरं कॉलेज बघा.

ग्रीन कार्डवर ही स्कॉलरशिप मिळते हो, पण केंद्राच्या बहुतेक नोकऱ्या सिटीझनलाच मिळतात आणि सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे गुप्त सरकारी माहिती हाताळायची परवानगी, तर फक्त सिटीझनलाच. हा मुद्दा कोणी आधी सांगत नाही. मुलगी १८ ची व्हायच्या आत तुमच्या दोघांपैकी एक जण जरी सिटीझन झाला आणि ती ग्रीन कार्डवर तुमच्याजवळ राहत असेल तर ती आपोआप सिटीझन होते. तुमची ग्रीन कार्डवर ५ वर्षं भरली असतील तर फॉर्म आजच भरा.

आणि फॉरेन्सिक्सबद्दल एक सांगते. हार्ड डिस्कला राइट ब्लॉकर (डिस्कवर काही लिहिलं जाऊ नये म्हणूनचं उपकरण) लावून तिची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत घेणं, हॅश (प्रत मूळ डिस्कसारखीच आहे हे दाखवणारा आकडा) जुळवणं हे शिकता येतं. खरा कस लागतो तो रिपोर्ट लिहिताना, पुरावा कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेला त्याची नोंद ठेवताना, आणि कोर्टात समोरचा वकील उलटसुलट विचारत असताना साध्या शब्दांत सांगताना. तिला लिहायची आणि चार लोकांत बोलायची सवय आतापासून लावा.

प्रश्न: मी पुण्याहून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर मास्टर्सला आलोय, मला एसएफएस मिळेल का?

उत्तर: नाही. सिटीझन किंवा ग्रीन कार्डच लागतं. डिपार्टमेंटमध्ये रिसर्च असिस्टंटशिप किंवा टीचिंग असिस्टंटशिप बघ, त्याला सहसा ही अट नसते.

प्रश्न: माझ्या मुलाचा जन्म इथलाच आहे. पण आजी-आजोबा, काका, मावश्या सगळे भारतात, दरवर्षी जाणं होतं. क्लिअरन्स अडेल का?

उत्तर: दादा, नातेवाईक परदेशात आहेत एवढ्यावरून क्लिअरन्स आपोआप नाकारलं जात नाही, पण त्याचा विचार होतो. एसएफ-८६ नावाचा लांबलचक फॉर्म असतो, त्यात परदेशातले जवळचे लोक, प्रवास, तिकडची मालमत्ता, बँक खाती सगळं विचारतात. मोठी अडचण येते ती लपवल्यावर. गावच्या जमिनीत किंवा आजोबांच्या खात्यात मुलाचं नाव लावलेलं असेल तर ते त्याला माहीत तरी असू द्या, आपल्याकडे मुलांना न सांगता नावं लावतात. तारखा, पत्ते, कोणाला कधी भेटला याची वही त्याने आत्तापासून ठेवावी. आणि हो, गांजा त्याच्या राज्यात कायदेशीर असला तरी केंद्राच्या कायद्यात नाही आणि फॉर्ममध्ये तो प्रश्न असतोच, तेव्हा हे त्याच्याशी मोकळेपणाने बोला, ओरडू नका, ओरडलात तर तो तुम्हाला काहीच सांगणार नाही.