सोलापुरी चादरीच्या जकार्ड मागावर (नक्षीसाठी हवे ते उभे धागे उचलणारा माग) धागे ओढणारे हूक उचलायला नायटिनॉलची तार, म्हणजे वीज सोडून तापवली की आकसणारी निकेल-टायटॅनियमची तार, चालेल का?

खऱ्या मागावर नाही, टेबलावरच्या मॉडेलवर चालेल.

अडचण गार होण्याची आहे. ०.१५ मिमी जाडीची तार साधारण ४०० मिलिअँपिअरवर सेकंदभरात आकसते आणि तीनशे ग्रॅमच्या आसपास ओढते. पण परत सैल व्हायला तिला दीड-दोन सेकंद लागतात. मिनिटाला शंभर वेळा आडवा धागा मारणाऱ्या मागाला तेवढी सवड कुठली! जाड तार घेतली तर ओढ वाढते, पण गार व्हायला आणखी वेळ.

दुसरं म्हणजे मिळणारी हालचाल. टिकाऊपणा हवा असेल तर लांबीच्या ४ टक्क्यांपुढे जाऊ नका. म्हणजे २० सेंटिमीटर तारेतून जेमतेम ८ मिमी, आणि हूक तर काही सेंटिमीटर उचलावा लागतो. तरफ लावून हालचाल वाढवता येते, पण त्याच प्रमाणात जोर कमी होतो. फुकट काही नाही.

मॉडेल करणार असाल तर तार ९० अंश सेल्सिअसला आकसणारी घ्या, ७० ची नको. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये हवाच पंचेचाळीसला टेकते, वर डब्यात कोंडलेली तार लवकर गार होत नाही. परत ताणायला स्प्रिंग किंवा वजन लागेलच, तार स्वतःहून लांब होत नाही. आणि डाग द्यायच्या भानगडीत पडू नका, साधं सोल्डर धरत नाही. पितळी नळीत तार घालून पक्कडीने चेपा. मी पहिल्यांदा सोल्डरच केलं होतं. तिसऱ्या झटक्याला तार निसटली.